महाप्याची हवा आणि आर: आकडेवारीची ओपन सोर्स साधनं पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

नवी मुंबईतल्या महाप्याच्या हवामापन केंद्राची वर्षभराची तासागणिक नोंद उतरवून घ्यायची, तर तक्ता होतो ८,७६० ओळींचा. त्यातल्या काही ओळी रिकाम्या असतात, काहींत आकड्याच्या जागी शब्द असतो, तारखांचा क्रम कधी भलताच असतो. असा तक्ता पुढ्यात घेऊन ‘थंडीत आपली हवा खरंच बिघडते का, आणि बिघडते तर किती?’ याचं उत्तर स्वतः काढता यावं, आणि ते उत्तर कोपरखैरण्यातल्या किंवा नौपाड्यातल्या कुणालाही घरबसल्या तपासून पाहता यावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

वाचणाऱ्याला एक्सेलमध्ये बेरीज-सरासरी करता येत असेल आणि दहावीच्या पुस्तकातले मध्य आणि मध्यक आठवत असतील, तर पुरे. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. कुणाला खारघर-नेरुळच्या कॉलेजात नर्सिंगच्या किंवा फिजिओथेरपीच्या प्रबंधासाठी चाचण्या लावायच्या असतात, कुणाचा ठाण्यात पर्यावरणशास्त्राचा एमएस्सीचा प्रकल्प असतो, तर कुणाला घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा टँकरचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे मांडायचा असतो. तिघांचं काम आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि तिच्यासारखी ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही विनामूल्य वापरता आणि आतून उघडून पाहता येणारी, साधनं यांनी होतं.

ओपन सोर्सच का

संख्याशास्त्राची विकतची पॅकेजं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाहीत. मग कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून कुलूप तोडलेली प्रत घेतली जाते. ती बेकायदा असते, सोबत व्हायरस आणू शकते, आणि प्रबंधात ‘अमुक सॉफ्टवेअर वापरलं’ असं लिहिताना पेन अडखळतं. ओपन सोर्स साधनं घेतली की हा प्रश्नच राहत नाही.

पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. इथे आकडेमोड कशी होते ते उघडून पाहता येतं. आर या भाषेत प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते, काढणारं फंक्शन (तयार आज्ञा) आहे, एसडी. त्याचं नाव कंसाशिवाय टंकून एंटर दाबलं, तर ते फंक्शन आतून कसं लिहिलंय तेच पडद्यावर येतं: प्रचरण काढा, त्याचं वर्गमूळ घ्या. काहीच झाकलेलं नाही. शिवाय तुम्ही दिलेली प्रत्येक आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते. एक्सेलमध्ये माउसने चार ओळी खोडल्या, दोन रकाने हलवले, तर महिन्याभराने आपल्यालाही आठवत नाही की नक्की काय केलं होतं. आज्ञांची फाइल असेल तर दुसरा माणूस ती पुन्हा चालवून तोच आकडा येतो का ते पाहतो. हवेसारख्या विषयावर, जिथे कुणी ना कुणी तुमच्या आकड्यावर बोट ठेवणारच, तिथे हे फार महत्त्वाचं आहे.

आरचा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहायला घेतली. दोघांच्या नावांचं पहिलं अक्षर तेच तिचं नाव. तिची आई म्हणजे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६पासून घडलेली एस ही भाषा. १९९५मध्ये आर जीएनयू या ओपन सोर्स परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती आली. आज तिच्या क्रॅन या भांडारात २० हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे आरला जोडून घ्यायचे फंक्शनांचे संच, आहेत. तुम्हाला त्यातली पाच-सहा लागतील.

आधी प्रश्न, मग संगणक

पहिली पायरी कागदावरची आहे. ‘नवी मुंबईच्या हवेचा अभ्यास’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. ‘नेरुळच्या केंद्रावर डिसेंबर ते फेब्रुवारीतली पीएम २.५ची रोजची सरासरी जून ते सप्टेंबरपेक्षा किती जास्त आहे?’ हा प्रश्न झाला. (पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण.) त्यात ठिकाण आहे, काळ आहे, मोजायची वस्तू आहे आणि कशाची कशाशी तुलना करायची तेही आहे. प्रश्न इतका टोकदार झाला की कुठले रकाने लागणार आणि कुठले नाहीत हे आपोआप कळतं. कागदावर हे वाक्य लिहून होईपर्यंत काहीही डाउनलोड करू नका.

उतरवून घेणे

आता क्रम पाळा: आधी आर, नंतर आरस्टुडिओ. आर हे इंजिन, आरस्टुडिओ ही त्यावर बसून काम करायची जागा. उलट्या क्रमाने गेलात तर आरस्टुडिओ उघडताना ‘आर कुठे आहे?’ म्हणून अडून बसतो.

आरच्या अधिकृत संकेतस्थळावर क्रॅनची लिंक आहे. सर्व्हर निवडायला सांगितलं तर यादीतला सगळ्यात वरचा ‘क्लाउड’ निवडा. विंडोजवाल्यांनी ‘बेस’ घ्यायचं. मॅकवाल्यांना दोन फाइली दिसतील, एक ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी आणि एक इंटेलसाठी. आपला मॅक कुठला ते पाहून घ्या. आरस्टुडिओची डेस्कटॉप आवृत्ती पॉझिट या कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. कंपनीचं जुनं नावही आरस्टुडिओच होतं, २०२२मध्ये ते बदललं. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असला तरी चालेल. आर सगळा तक्ता रॅममध्ये घेऊन काम करते, पण वर्षभराच्या ८,७६० ओळी म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही.

उघडल्यावर लगेच दोन गोष्टी करा. ‘टूल्स’ मेनूतल्या ‘ग्लोबल ऑप्शन्स’मध्ये जाऊन, सुरू होताना जुनं वर्कस्पेस परत आणण्याची खूण काढून टाका आणि बंद होताना वर्कस्पेस साठवायचं का याला ‘नेव्हर’ निवडा. नाहीतर कालचे अर्धवट आकडे आज पुन्हा हजर होतात आणि उत्तर कशातून आलं हे कळेनासं होतं. दुसरं, ‘फाइल’मधून ‘न्यू प्रोजेक्ट’ करा. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. त्यात तीन उपफोल्डर: मूळ फाइली, आज्ञा, आलेख. मूळ फाइलींच्या फोल्डरमध्ये एकदा ठेवलेल्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. जी काही साफसफाई करायची ती आज्ञांनी करायची.

आज्ञा टंकायची ती नव्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलमध्ये, खालच्या कन्सोलमध्ये नाही. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की कर्सर असलेली ओळ चालते. या लेखात आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देतोय. टंकताना ती रोमन लिपीत, आणि लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. पहिली दोन-तीन अक्षरं लिहिली की आरस्टुडिओ उरलेलं सुचवतो, त्यामुळे स्पेलिंगची फार धास्ती नको.

सराव न्यूयॉर्कच्या हवेवर

स्वतःची फाइल घ्यायच्या आधी आरसोबतच येणाऱ्या एका तक्त्यावर हात बसवा. त्याचं नाव एअरक्वालिटी, एकच शब्द, सगळी लहान अक्षरं. १९७३च्या मे ते सप्टेंबर या काळातली न्यूयॉर्कची १५३ दिवसांची नोंद त्यात आहे: ओझोन, सूर्यप्रकाश, वारा, तापमान. आपला विषयही हवाच, म्हणून हा तक्ता मला इतर सरावतक्त्यांपेक्षा जास्त आवडतो.

‘हेड’ ही आज्ञा वरच्या सहा ओळी दाखवते. ‘समरी’ प्रत्येक रकान्याचा गोषवारा देते. ‘मीन’ लिहा, कंसात तक्त्याचं नाव, डॉलरचं चिन्ह आणि ओझोन. ओझोनचा ओ मोठा. सरासरी येईल असं वाटतं, पण उत्तर येतं एनए, म्हणजे ‘नोंद उपलब्ध नाही’. ओझोनच्या १५३पैकी ३७ नोंदी झालेल्याच नाहीत, आणि माहीत नसलेल्या आकड्यांची सरासरी आर स्वतःच्या मनाने काढत नाही. कंसातच स्वल्पविराम देऊन ‘एनए डॉट आरएम’ बरोबर ‘ट्रू’ असं सांगितलं की उत्तर येतं, ४२.१३. ‘मीडियन’ला हेच विचारलं की ३१.५. दोन्हींतलं अंतर पाहूनच ओळखायचं की थोडेच दिवस फार वाईट होते आणि त्यांनी सरासरी वर ओढली. सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा होता १६८.

आता महिन्यांप्रमाणे सरासरी काढा. ‘टीॲप्लाय’ ही आज्ञा त्यासाठी आहे. मेमध्ये २३.६, जूनमध्ये २९.४, जुलैमध्ये ५९.१, ऑगस्टमध्ये ६०.०, सप्टेंबरमध्ये ३१.४. तुमच्या पडद्यावरही हेच आकडे यायला हवेत. जूनचा आकडा मात्र तसाच उचलू नका. हरवलेल्या ३७ नोंदींपैकी २१ एकट्या जूनच्या आहेत, म्हणजे त्या महिन्याची सरासरी अवघ्या ९ दिवसांची आहे. ‘एनए डॉट आरएम’ लिहिणं सोपं आहे, पण त्याने किती दिवस गाळले हे प्रत्येक वेळी मोजून पाहायचं. नवशिक्यांना मी सगळ्यात आधी हीच सवय लावायला सांगतो.

खरी फाइल

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर राज्य, शहर, केंद्र, प्रदूषक आणि काळ निवडून नोंदी उतरवता येतात. नवी मुंबईत नेरुळ, महापे, ऐरोली अशी केंद्रं यादीत सापडतील, ठाण्याचीही आहेत. सुरुवातीला एकच केंद्र, एकच वर्ष आणि तासागणिक नोंदी घ्या. पीएम २.५सोबत वाऱ्याचा वेग आणि दिशाही मागून ठेवा, पुढे लागतील.

उतरवलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा वरच्या काही ओळींत केंद्राचं नाव आणि निवडलेला काळ असतो, खरा तक्ता खाली सुरू होतो. लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या ओपन सोर्स साधनात फाइल उघडून तो कितव्या ओळीपासून आहे ते बघा आणि काही न साठवता बंद करा. मग आरस्टुडिओत ‘इम्पोर्ट डेटासेट’ हे बटण दाबून ‘फ्रॉम एक्सेल’ निवडा. समोर येणाऱ्या खिडकीत ‘स्किप’च्या चौकटीत वरच्या किती ओळी सोडायच्या ते लिहा, आणि ‘एनए’च्या चौकटीत रिकाम्या नोंदीसाठी फाइलमध्ये जो शब्द वापरलाय तो लिहा. उजवीकडे खाली त्याच कामाची आज्ञा आपोआप लिहिलेली दिसते. ती उचलून आपल्या स्क्रिप्टमध्ये चिकटवा. बटणं दाबून काम झालं आणि त्याची लेखी नोंदही राहिली.

तक्ता आल्यावर ‘एसटीआर’ ही आज्ञा द्या. प्रत्येक रकाना संख्या आहे की अक्षरं, हे ती सांगते. पीएम २.५चा रकाना अक्षरांचा दिसत असेल तर आत कुठेतरी शब्द लपलेला आहे. तारखेचा रकाना अक्षरांचा असेल तर ल्युब्रिडेट हे पॅकेज घ्या. त्यातलं ‘डीएमवाय’ फंक्शन आपल्या सवयीची दिवस-महिना-वर्ष अशी तारीख ओळखतं आणि वेळही सोबत असेल तर ‘डीएमवाय, अंडरस्कोर, एचएमएस’. ५ मार्च आणि ३ मे यांची अदलाबदल झाली तर कुठलीही चूक दाखवली जात नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून रूपांतरानंतर पहिली आणि शेवटची तारीख छापून बघाच.

पॅकेज आणायची आज्ञा ‘इन्स्टॉल डॉट पॅकेजेस’, एकदाच द्यायची. ‘लायब्ररी’ ही आज्ञा मात्र दर वेळी आर उघडल्यावर. आणताना विंडोजवर कधी विचारलं जातं की हे पॅकेज मूळ सोर्समधून बांधायचं का. सुरुवातीला बिनदिक्कत ‘नो’ म्हणा. तयार बांधलेली आवृत्ती पुरेशी असते.

हवेच्या नोंदींसाठी ओपनएअर नावाचं पॅकेज आहे, इंग्लंडमधल्या डेव्हिड कार्सलॉ यांनी घडवलेलं. हवेच्याच प्रश्नांसाठी बनवलेलं असल्यामुळे आपली कितीतरी मेहनत ते वाचवतं. त्याची एक अट आहे: वेळेच्या रकान्याचं नाव ‘डेट’ असावं, सगळी लहान अक्षरं. पीएम २.५च्या रकान्यालाही बिंदू-कंस काढून साधं नाव द्या.

तासांवरून दिवस

आपल्याकडे २००९मध्ये ठरलेल्या मानकांप्रमाणे पीएम २.५ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. यातला ‘२४ तासांच्या सरासरीसाठी’ हा भाग विसरून पहाटे पाचचा एखादा आकडा ६०शी ताडून पाहिला जातो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घबराट होते. तुलना करायची ती दिवसाच्या सरासरीशी.

दिवसाची सरासरी तरी कधी धरायची? केंद्राचं यंत्र दिवसभर बंद राहून फक्त तीन तास चाललं, तर त्या तीन तासांची सरासरी म्हणजे दिवस नव्हे. हवा गुणवत्ता निर्देशांक काढताना निदान १६ तासांची नोंद असावी असा नियम आहे. आपणही तोच पाळू. ओपनएअरच्या ‘टाइमॲव्हरेज’ या फंक्शनला ‘ॲव्हजी डॉट टाइम’मध्ये ‘डे’ सांगायचं आणि ‘डेटा डॉट थ्रेश’मध्ये ६६. चोवीसपैकी सोळा म्हणजे ६६ टक्क्यांहून थोडं जास्त, त्यामुळे १५ तासांचा दिवस गळतो आणि १६ तासांचा टिकतो. मग दर महिन्यात असे किती दिवस उरले ते मोजा. न्यूयॉर्कच्या जूनसारखा एखादा महिना इथेही निघू शकतो.

टोकाचा आकडा दिसला की तो खोडायचा मोह होतो. तक्त्यात बाकी सगळे आकडे दोनशेच्या आत आणि मध्येच एक नऊशेचा असेल, तर यंत्राची चूक असेलही. पण नुसता मोठा आहे म्हणून खोडायचा नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास. ‘सरासरीपासून फार दूर गेलेलं गाळा, शेजारच्या केंद्राशी जुळत नसेल तर गाळा’ असा नियम एखाद्या स्क्रिप्टने आंधळेपणाने लावला असता, तर सांताक्रूझच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस तक्त्यातून गायब झाला असता. हवेच्या बाबतीत आधीचे आणि नंतरचे तास बघा, पीएम १० (त्याहून जाड कणही धरणारं माप) तेव्हा चढलं होतं का ते बघा, दिवाळीची रात्र होती का ते बघा. तरीही गाळायचा ठरला तर स्क्रिप्टमध्ये, त्या आज्ञेच्या वर, हॅशचं चिन्ह देऊन कारण लिहा.

आता चित्र काढा. ‘कॅलेंडरप्लॉट’ वर्षाचं रंगीत कॅलेंडर छापतं, प्रत्येक दिवसाचा चौकोन त्या दिवसाच्या हवेप्रमाणे रंगवलेला. पावसाळ्यात हवा धुतली जाते आणि थंडीत जमिनीलगत कोंडते, हे त्यात सांगावं लागत नाही, दिसतं. सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला याहून चांगला आलेख मला माहीत नाही. ‘टाइमव्हेरिएशन’ तासाप्रमाणे, वाराप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे चढउतार दाखवतं. वाऱ्याच्या नोंदी घेतल्या असतील तर ‘पोलरप्लॉट’ सांगतं की कुठल्या दिशेचा, किती वेगाचा वारा असताना हवा बिघडते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेला राहणाऱ्यांना हा आलेख पाहण्याची ओढ साहजिक आहे. पण तो दिशा दाखवतो, कारखाना दाखवत नाही. त्याच दिशेला रस्ता, खाणी, बांधकामं असं सगळंच असतं. त्यावरून कुणाचं नाव घेऊ नका.

थंडी आणि पावसाळा यांच्यातला फरक सांगताना दोन्ही ऋतूंचे मध्यक आणि शेजारी-शेजारी बॉक्सप्लॉट (आकडे कुठून कुठवर पसरलेत ते चौकटीने दाखवणारे आलेख) पुरे होतात. टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का ते पाहणारी चाचणी, लावायचीच असेल तर तासांच्या नोंदींवर लावू नका. दहा वाजताची हवा नऊ वाजताच्या हवेसारखीच असते, त्यामुळे हजारो नोंदी म्हणजे हजारो स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) मात्र हास्यास्पद लहान येतं आणि आपण फसतो. रोजच्या सरासरीतही ही साखळी पूर्ण तुटत नाही, म्हणून पी-मूल्यापेक्षा फरक किती मायक्रोग्रॅमचा आहे ते आधी लिहा.

देवनागरीचं काय

टँकरच्या वहीकडे येतो. घोडबंदरच्या सोसायटीच्या ऑफिसातली नोंद मराठीत असते, महिन्यांची नावं मराठीत, आकडेही कित्येकदा मराठीत. हे सगळं आरमध्ये चालतं, काही गोष्टी पाळल्या तर.

विंडोजवर आरची आवृत्ती ४.२.० किंवा त्यानंतरचीच हवी. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत मूळ पद्धत झाली. त्याआधी देवनागरीच्या जागी कंसातले सांकेतिक आकडे दिसायचे. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता, साठवताना साधं सीएसव्ही निवडलंत तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते आणि ती परत मिळत नाही. यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय आहे, तो घ्या. लिब्रेऑफिस साठवताना स्वतःच विचारतं, तिथेही यूटीएफ-८.

‘१२,०००’ हे आपल्याला आकडा म्हणून दिसतं, आरला अक्षरं म्हणून. ‘कॅरट्रान्स्लेट’चं लघुरूप असलेलं ‘सीएचएआरटीआर’ हे फंक्शन घ्या: पहिल्या जागी शून्य ते नऊ मराठीत, दुसऱ्या जागी तेच इंग्रजी आकड्यांत, तिसऱ्या जागी रकाना. मग रीडआर पॅकेजातलं ‘पार्स नंबर’ स्वल्पविराम काढून टाकतं. आपला लाखाचा स्वल्पविराम वेगळ्या जागी असला तरी त्याला फरक पडत नाही.

आलेखावर मराठी लिहिताना जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. असा आलेख कृपया कुठेही छापू नका. रॅग नावाचं पॅकेज बसवा आणि ‘ग्लोबल ऑप्शन्स’मध्ये ग्राफिक्सच्या ‘बॅकएंड’ला एजीजी निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे खुले फाँट संगणकावर असू द्या. जीजीप्लॉट२ या पॅकेजने आलेख काढत असाल तर ‘जीजीसेव्ह’ पीएनजी साठवताना रॅग आपोआप वापरतं. पीडीएफमध्ये अडचण आली तर ३०० डीपीआयचा पीएनजी घ्या, छपाईला चांगला येतो.

लाल अक्षरं आली तर

बहुतेक चुका ठरावीक असतात. ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ म्हणजे स्पेलिंग किंवा लहान-मोठं अक्षर चुकलं. ‘कुड नॉट फाइंड फंक्शन’ म्हणजे ‘लायब्ररी’ची आज्ञा द्यायची राहिली. फाइल सापडत नाही असं आलं तर प्रोजेक्ट उघडून काम करताय ना ते पाहा; विंडोजमधला पत्ता जसाच्या तसा चिकटवला असेल तर त्यातल्या उलट्या तिरप्या रेघा सरळ करा. कन्सोलमध्ये नुसतं अधिकचं चिन्ह येऊन थांबलं तर कुठला तरी कंस किंवा अवतरणचिन्ह उघडं राहिलंय. एस्केप दाबा, ओळ दुरुस्त करा, पुन्हा चालवा. लाल अक्षरांतला प्रत्येक मजकूर चूक नसतो. ‘वॉर्निंग’ असेल तर काम झालेलं असतं, पण ती वाचा. ‘एनएज इंट्रोड्युस्ड’ असं म्हणत असेल तर तुमचे काही आकडे आत्ताच हरवलेत.

आज्ञा नकोच असतील तर

प्रबंधासाठी काय-वर्ग, टी-टेस्ट, ॲनोव्हा एवढंच हवं असेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर जामोवी घ्या. ते आरवरच उभं आहे, पण समोर तक्ता आणि मेनू असतो. एसपीएसएस या विकतच्या पॅकेजच्या फाइली ते थेट उघडतं. प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी नीट लावा: स्त्री-पुरुष यांना १ आणि २ दिले असतील तर तो रकाना ‘नॉमिनल’ करा, नाहीतर लिंगाची सरासरी दीड वगैरे येते. सेटिंगमध्ये ‘सिंटॅक्स मोड’ चालू केला तर प्रत्येक उत्तरावर त्याची आरमधली आज्ञा दिसते. ती प्रबंधाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

त्याच घराण्यातलं जॅस्प ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं, बेझच्या पद्धतींसाठी, म्हणजे आधीचा अंदाज नव्या नोंदींनी सुधारत नेण्यासाठी, विशेष चांगलं. त्याच्या नावातला ‘जे’ म्हणजे केंब्रिजचे सर हॅरल्ड जेफ्रीज. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी याच जेफ्रीजांकडे पीएचडी केली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचं अध्यापन उभं केलं. जॅस्प उघडताना मला ते आठवल्यावाचून राहत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मॅटलॅबसारखं काही हवं असेल तर ऑक्टेव्ह किंवा सायलॅब आहेत. पायथन शिकायची असेल तर पांडाज, नमपाय, मॅटप्लॉटलिब ही पॅकेजं आणि ज्युपिटर नोटबुक यांपासून सुरुवात करा. ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांत जायचं असेल तर ती कधी ना कधी लागेलच. पण आर आणि पायथन दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. एका भाषेत एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवा, मग दुसरीकडे वळा.

मदत आणि प्रबंधातली नोंद

कुठल्याही फंक्शनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून चालवलं की त्याची माहिती उघडते. वरचं इंग्रजी जड वाटलं तर सरळ तळाशी जा, तिथे चालवून पाहता येतील अशी उदाहरणं असतात. पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरिअल प्रकल्प ओपन सोर्स साधनांचे छोटे दृकश्राव्य धडे विनामूल्य देतो, बरेचसे मराठी आवाजातही आहेत. धडा थांबवत, शेजारी आरस्टुडिओ उघडा ठेवून, हाताने टंकत बघा. तिथलाच फॉसी प्रकल्प कॉलेजांत आर, पायथन, सायलॅब यांचा प्रसार करतो. तुमच्या विभागाला कार्यशाळा हवी असेल तर प्राध्यापकांना तिकडे लिहायला सांगा.

काम संपलं की आर बंद करून पुन्हा उघडा आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकदम चालवा. मध्ये अडली तर एखादी पायरी लिहायची राहून गेलीये. मग तो फोल्डर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालवून बघा. तिथेही तेच आकडे आले पाहिजेत. प्रबंधात साधनाचा उल्लेख कसा करायचा हे ‘सायटेशन’ ही आज्ञा सांगते, आणि तिच्या कंसात अवतरणचिन्हांत ओपनएअर लिहिलं तर त्या पॅकेजचा उल्लेखही मिळतो. ‘सेशनइन्फो’ चालवून आलेला मजकूर परिशिष्टात जोडा. आरची कुठली आवृत्ती होती आणि प्रत्येक पॅकेजची कुठली, हे त्यात असतं. दोन वर्षांनी कुणी तुमची स्क्रिप्ट चालवली आणि आकडा दशांशात हलला, तर कारण शोधायला आधी तिथेच बघावं लागतं.